इंग्रजी शब्दांच्या जाती: क्लासमध्ये पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

माझ्या संध्याकाळच्या बॅचला येणारे सगळे मोठे आहेत. कुणी बँकेच्या परीक्षेला बसतंय, कुणी दुकानाचं शटर ओढून थेट इकडे येतं. निम्म्या तरी आया आहेत. मुलांना इंग्रजी शाळेत घातलं, आता त्यांचा अभ्यास घ्यायचा तर आधी स्वतःलाच शिकायला हवं, म्हणून आलेल्या. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीचे आम्ही सगळे पाचवीत एबीसीडी गिरवलेले. 'पार्ट्स ऑफ स्पीच'चा धडा आला की दर बॅचला तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. इंग्रजी उदाहरणं मुद्दाम देवनागरीत ठेवली आहेत. ती मोठ्यानं वाचा, काही ठिकाणी उत्तर कानालाच कळतं.

पार्ट्स ऑफ स्पीच म्हणजे नेमकं काय?

शाळेत आपण 'शब्दांच्या जाती' म्हणायचो, तेच. नाऊन म्हणजे नाम, प्रोनाऊन म्हणजे सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण. उरलेली तीन म्हणजे प्रिपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन. आपल्याकडची शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्ययं.

'जात' या शब्दानं मात्र घोटाळा होतो. जात म्हटलं की ती जन्मापासून चिकटलेली, असं आपण धरून चालतो. इंग्रजी शब्दाचं तसं नाही. तो वाक्यात ज्या कामाला लागेल, ती त्याची त्या वेळची जात. 'वेल' हा साधा शब्द घ्या. 'द वेल इज ड्राय' म्हणजे विहीर कोरडी आहे. इथे तो नाऊन. 'शी सिंग्ज वेल' मध्ये ॲडव्हर्ब. 'आय ॲम नॉट वेल' म्हणजे मला बरं नाही, ॲडजेक्टिव्ह. 'वेल, लेट अस स्टार्ट' मधला 'वेल' म्हणजे आपलं 'बरं, चला'; इंटरजेक्शन. आणि 'टिअर्स वेल्ड अप इन हर आइज' मध्ये तिचे डोळे भरून आले, व्हर्ब. एकच शब्द, पाच कामं. म्हणून कुणी नुसतंच विचारलं की "मॅडम, 'वेल' काय आहे?", तर मी म्हणते, आधी वाक्य सांग.

जाती आठच का? कुठे नऊ लिहिलेल्या दिसतात.

आठ या आकड्याला फार जुना मान आहे. इसवी सनापूर्वी १००च्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्स या वैयाकरणानं ग्रीक भाषेचे आठ भाग सांगितले. त्यात आर्टिकल (म्हणजे इंग्रजीतल्या 'अ', 'ॲन', 'द'सारखे शब्द) होतं, इंटरजेक्शन नव्हतं. लॅटिनवाल्यांकडे आर्टिकल नव्हतंच. त्यांनी ते वगळून इंटरजेक्शनला आत घेतलं आणि आठ कायम ठेवले. विशेषण तर कित्येक शतकं नामाच्याच पोटात होतं. लिंडली मरे यांच्या १७९५च्या इंग्रजी व्याकरणात आर्टिकल वेगळं धरून नऊ जाती आहेत. आता बरेच अभ्यासक आर्टिकल, 'धिस', 'माय', 'सम' या सगळ्यांचा 'डिटर्मायनर' नावाचा वेगळा गट करतात.

आपल्याकडे यास्कांनी निरुक्त या प्राचीन संस्कृत ग्रंथात चारच 'पदजातं', म्हणजे शब्दांच्या जाती, सांगितली होती: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). मराठीच्या आठ जाती इंग्रजीच्या आठांशी इतक्या तंतोतंत जुळतात, कारण एकोणिसाव्या शतकात मराठीची व्याकरणं इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर बेतली गेली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं १८३६चं व्याकरण त्यांतलं अग्रणी. तेव्हा आठ की नऊ यावर भांडू नका. परीक्षेला तुमचं पुस्तक जे म्हणेल ते लिहा.

सगळ्या व्याख्या पाठ आहेत, तरी वाक्यात ओळखता का येत नाही?

कारण व्याख्या अर्थावर बांधलेल्या आहेत. 'व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाणाचं नाव म्हणजे नाऊन', 'क्रिया दाखवतो तो व्हर्ब'. मग 'रनिंग' ही क्रिया आहे की नाही? 'ॲरायव्हल' म्हणजे येणं, ती क्रिया नाही का? आणि 'इज' कुठली क्रिया दाखवतो? व्याख्या इथेच गळपटते.

मी फळ्यावर एक बिनअर्थाचं वाक्य लिहिते: 'द झिंपी टार्गल्स ब्लॉक्टेड अ ग्रून'. एकही मोठा शब्द खरा नाही. तरी विचारलं, "नाऊन कोणते?", तर वर्ग बरोबर सांगतो: टार्गल्स आणि ग्रून. 'ब्लॉक्टेड' व्हर्ब, तोही पास्ट टेन्समधला. 'झिंपी' ॲडजेक्टिव्ह. अर्थ शून्य, तरी जाती कळल्या. कशा? 'द' आणि 'अ' यांच्या मागोमाग येणाऱ्या जागेमुळे, शेवटच्या 'स'मुळे, 'एड'मुळे आणि क्रमामुळे.

मराठीत शब्द आपली ओळख अंगावर घालून फिरतो. 'रामाने', 'रामाला', 'रामाचा' कुठेही ठेवा, चालतं. 'सापाला मुंगसानं मारलं' आणि 'मुंगसानं सापाला मारलं' यात मेला सापच. इंग्रजीत शब्दांच्या जागा बदलल्या की मुंगूस मरतं. म्हणून शब्दाकडे पाहण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहायचं. ही सवय लागायला साधारण तीन आठवडे जातात, मग व्याख्या आपोआप विसरतात.

'रेकॉर्ड' नाऊन की व्हर्ब? दोन्ही कसा?

दोन्ही, पण उच्चार वेगळा. नाऊन असेल तर जोर पहिल्या भागावर: 'रेकॉर्ड'. व्हर्ब असेल तर दुसऱ्यावर: 'रिकॉर्ड'. तसंच 'प्रेझेंट' म्हणजे भेटवस्तू, 'प्रिझेंट' म्हणजे सादर करणं. दुसरी तऱ्हा शेवटच्या आवाजाची आहे. 'यूस' नाऊन, 'यूझ' व्हर्ब. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला, 'ॲडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणं. 'क्लोस' म्हणजे जवळचा, 'क्लोझ' म्हणजे बंद करणं. स्पेलिंग पाहून हा फरक दर वेळी कळत नाही. इथे देवनागरी कामाला येते. 'फोन', 'वॉटर', 'बटर' यांच्यात मात्र आवाजही बदलत नाही. 'प्लीज वॉटर द प्लँट्स' मध्ये पाणी हे काम झालं, एवढंच. कंपनीचं नाव असलेला 'गूगल' व्हर्ब म्हणून २००६मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात जाऊन बसला.

'आय ॲम बोअर' यात काय चुकलं? आम्ही तर रोज 'मी बोअर झालो' म्हणतो.

मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न. चूक इंग्रजीत होते, पण तिचं मूळ आपल्या मराठीत आहे.

इंग्रजी शब्द मराठीत घेताना आपण त्याला दोन कुबड्या देतो: 'करणे' आणि 'होणे'. ॲडजस्ट करणं, मॅनेज करणं, कन्फ्यूज होणं, डिस्टर्ब होणं, सिलेक्ट होणं. मूळ इंग्रजी व्हर्ब मराठीत येताना व्हर्ब राहत नाही. क्रियापदाचं काम 'करणे-होणे' उचलतात आणि तो नुसता शेजारी बसून राहतो. 'मी कन्फ्यूज आहे' हे आपल्या कानाला 'मी आनंदी आहे' इतकंच सरळ वाटतं. मग तोच शब्द इंग्रजीत परत नेताना आपण त्याला विशेषण समजून नेतो: 'आय ॲम कन्फ्यूज', 'माय ब्रदर इज सिलेक्ट', 'आय ॲम बोअर'. इंग्रजीत 'बोअर' हा व्हर्ब आहे, म्हणजे दुसऱ्याला कंटाळा आणणे. (नाऊन म्हणून घेतला तर 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असा अर्थ होतो, ते त्याहून वाईट.) आपल्याला हवं ते ॲडजेक्टिव्ह 'बोर्ड': 'आय ॲम बोर्ड'. आणि 'आय ॲम बोरिंग' म्हणालात तर माझ्यामुळे इतरांना जांभया येतात. कंटाळा ज्याला येतो त्याच्यामागे 'एड', जो आणतो त्याच्यामागे 'आयएनजी'. टायर्ड-टायरिंग, इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग, कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग, सगळ्यांना हेच लागू.

दुसरा गट नाऊनचा. 'प्लॅन सक्सेस झाला' म्हणून 'द प्लॅन वॉज सक्सेस'. नाऊन 'सक्सेस', ॲडजेक्टिव्ह 'सक्सेसफुल', व्हर्ब 'सक्सीड'. 'आय ॲम व्हेरी टेन्शन' ऐकलं की मला हसू येतं, पण बोलणाऱ्याला खरंच टेन्शन आलेलं असतं. 'टेन्शन' नाऊन, 'टेन्स' ॲडजेक्टिव्ह.

एकदा मुलाखतीची तयारी चालली होती. "टेल मी अबाउट युवर फॅमिली" म्हटल्यावर एक मुलगा म्हणाला, "माय फादर इज एक्स्पायर." वर्ग गप्प झाला. तेव्हा मी काही दुरुस्त केलं नाही. पुढच्या आठवड्यात, तो विषय दूर गेल्यावर, फळ्यावर चार शब्द लिहिले: 'डाय' व्हर्ब, 'डेथ' नाऊन, 'डेड' ॲडजेक्टिव्ह, आणि 'डाइड' हा 'डाय'चा भूतकाळ. 'माय फादर डाइड इन द लॉकडाउन.' 'ही इज डेथ' नाही, 'ही वॉज डेड' हे पोलीस पंचनाम्यातलं वाटतं. 'एक्स्पायर' औषधाच्या पट्टीसाठी आणि पासपोर्टसाठी ठेवा. अदबीनं बोलायचं असेल तर 'पास्ट अवे'. त्या मुलानं ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

'शी सिंग्ज गुड' का चुकीचं? ती चांगलीच गाते ना?

गंमत अशी की मराठीत 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' म्हणताना 'चांगला-चांगली' कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. काम क्रियाविशेषणाचं, कपडे विशेषणाचे. त्यामुळे ते 'ती'चंच विशेषण वाटतं आणि इंग्रजीत सरळ 'गुड' येतो. इंग्रजीत विचारायचं: चांगली कोण, बाई की गाणं? बाई चांगली असेल तर 'शी इज गुड'. गाण्याची रीत चांगली असेल तर 'शी सिंग्ज वेल'.

मग 'द सूप टेस्ट्स गुड' कसं बरोबर? तिथे 'वेल' का नाही?

कारण सूप काही करत नाहीये. चव सूपाला आहे, चाखण्याच्या क्रियेला नाही. 'आमटी छान लागते' यातलं 'छान' आमटीबद्दलच आहे. 'लुक', 'स्मेल', 'फील', 'साउंड', 'सीम', 'बिकम' हे व्हर्ब बरेचदा नुसता दुवा असतात. त्यांच्या जागी 'इज' ठेवून पाहा. 'द सूप इज गुड' जमलं? मग पुढे ॲडजेक्टिव्ह. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो चिडलेला दिसला. पण 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी' म्हणजे त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. तिथे 'इज' ठेवता येत नाही.

शेवटी 'ली' असेल तर तो ॲडव्हर्बच ना?

नाही. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली', 'लोनली' ही ॲडजेक्टिव्ह आहेत. 'वीकली' दोन्ही. उलट 'फास्ट' आणि 'हार्ड' ॲडव्हर्ब असूनही 'ली' घेत नाहीत. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो राबतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे क्वचितच हात हलवतो. नोकरीच्या अर्जात हा फरक महागात पडू शकतो.

'स्विमिंग' नाऊन, व्हर्ब की ॲडजेक्टिव्ह?

इथे मराठी मदतीला येते, बिनधास्त भाषांतर करून पाहा. 'आय लाइक स्विमिंग' म्हणजे मला पोहणं आवडतं. 'पोहणं' हे नाम, म्हणून हा जेरंड, नाऊनचं काम करणारा. 'ही इज स्विमिंग' म्हणजे तो पोहतोय, व्हर्बचा भाग. 'अ स्विमिंग डक' म्हणजे पोहणारं बदक, विशेषण. आणि 'स्विमिंग पूल'? तलाव काही पोहत नाही. तो पोहण्यासाठीचा तलाव, म्हणजे पुन्हा नाऊनच. 'स्लीपिंग चाइल्ड' आणि 'स्लीपिंग बॅग' शेजारी ठेवले की हा फरक पक्का होतो. पिशवी झोपलेली नसते.

'स्कूल बस' मधला 'स्कूल' विशेषण झाला का?

काम विशेषणासारखं करतो, पण जात नाऊनचीच. दोन कसोट्या लावा. 'व्हेरी स्कूल' म्हणता येत नाही. 'द बस इज स्कूल'ही म्हणता येत नाही. मराठीत आपण 'शाळेची बस' म्हणतो, तो 'ची' इंग्रजीनं नुसत्या जागेवर भागवला. या जागेवर बसलेला नाऊन बहुतेकदा एकवचनी राहतो. बुटांचं दुकान असलं तरी 'शू शॉप'. म्हणून 'टेन रुपीज नोट' नाही, 'टेन-रुपी नोट'.

'माय', 'हिज', 'धिस' हे प्रोनाऊन की ॲडजेक्टिव्ह?

पुढे नाऊन आहे का ते पाहा. 'धिस इज चीप' मध्ये 'धिस' एकटा उभा आहे, म्हणून प्रोनाऊन. 'धिस साडी इज चीप' मध्ये साडीला चिकटला, म्हणून शालेय व्याकरणात ॲडजेक्टिव्ह, नव्या व्याकरणात डिटर्मायनर. 'माय' कधीच एकटा राहत नाही. एकटं राहायचं असेल तर 'माइन' होतो: 'धिस बॅग इज माइन'. 'हिज' मात्र दोन्हीकडे तसाच.

'अ', 'ॲन', 'द' कुठे बसवायचे?

जुन्या पुस्तकांत ॲडजेक्टिव्हमध्ये, नव्यांत डिटर्मायनरमध्ये. जात कुठलीही लिहा, खरी अडचण ते वापरण्याची आहे, कारण मराठीत असं काही नाहीच. 'एक आटपाट नगर होतं' मधलं 'एक' थोडंफार 'अ'सारखं, इतकंच. जातींच्या दृष्टीनं यांचा एक मोठा उपयोग आहे: हे दिसले की पुढे कुठेतरी नाऊन येणारच. 'अ व्हेरी ओल्ड वुडन...' म्हणालात की समोरचा नाऊनची वाट पाहत थांबतो.

प्रिपोझिशन नेहमी चुकतात. काही उपाय?

नावातच आहे: 'प्री', म्हणजे आधी. आपलं शब्दयोगी नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतं, 'टेबलावर'. इंग्रजीत पुढे आणि सुटं, 'ऑन द टेबल'. आपल्याकडे चिकटताना टेबलचं 'टेबला' होतं. इंग्रजीत नाऊन हलत नाही, फक्त प्रोनाऊन बदलतो: 'विथ ही' नाही, 'विथ हिम'. त्याच न्यायानं 'बिटवीन यू अँड मी'. 'आय' म्हटलं की जास्त सुशिक्षित वाटतं म्हणून लोक तिथे चुकतात.

बाकी चुकांपैकी बऱ्याच चुका जातीच्याच आहेत, हे फार कुणी सांगत नाही. 'वी डिस्कस्ड अबाउट द रोड' चूक. पण 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द रोड' बरोबर! मराठीत आपण 'रस्त्याबद्दल चर्चा केली' म्हणतो. 'चर्चा' हे नाम आहे, त्याला 'बद्दल' लागतं, आणि इंग्रजी नाऊनलाही लागतं. व्हर्ब मात्र थेट कर्म घेतो. रजेच्या अर्जात 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' लिहितात. 'रिक्वेस्ट' नाऊन असेल तर 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', व्हर्ब असेल तर नुसतं 'आय रिक्वेस्ट लीव्ह'. हॉटेलात 'ऑर्डर फॉर टू टीज' नाही. 'गिव्ह ॲन ऑर्डर फॉर' चालेल, पण व्हर्ब म्हणून 'ऑर्डर टू टीज'. 'डिमांड'चंही तेच. वहीत या शब्दांचं एक पान करा, एका बाजूला नाऊन, दुसऱ्या बाजूला व्हर्ब.

'आय ॲम गोइंग टू होम' ही वेगळी चूक. तिथे 'होम' नाऊन नाहीच. तो 'घर' नसून 'घरी' आहे, म्हणजे ॲडव्हर्ब. 'घरीला' कुणी म्हणतं का?

'गिव्ह अप', 'ईट अप' मधला 'अप' कोण?

तो प्रिपोझिशन नाही. व्हर्बला जोडलेला छोटा शब्द आहे, जुन्या पुस्तकांत ॲडव्हर्ब, नव्यांत पार्टिकल. आपल्याला तो अनोळखी नाही. 'खा' आणि 'खाऊन टाक' यात जो फरक, तोच 'ईट' आणि 'ईट अप' यात. मराठीनं हे काम 'टाकणे', 'देणे', 'घेणे', 'बसणे' या क्रियापदांना दिलं, इंग्रजीनं 'अप', 'ऑफ', 'आउट'ला दिलं. ओळखायची खूण अशी: 'टर्न ऑफ द टीव्ही' आणि 'टर्न द टीव्ही ऑफ', दोन्ही चालतं, म्हणजे पार्टिकल. 'ही फेल ऑफ द वॉल' याचं 'ही फेल द वॉल ऑफ' होत नाही, म्हणजे प्रिपोझिशन.

'टू'च्या पुढे कधी 'मीट', कधी 'मीटिंग'?

'टू'च्या पुढे एखादा नाऊन ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू द वेडिंग' छान जमतं. म्हणजे हा 'टू' प्रिपोझिशन, म्हणून 'टू मीटिंग यू'. 'आय वाँट टू द वेडिंग' जमत नाही. तो इन्फिनिटिव्हचा, म्हणजे व्हर्बच्या मूळ रूपाआधी येणारा 'टू', म्हणून 'टू मीट यू'. सर्वांत त्रास देणारी जोडी: 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचे. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे.

'ऑल्दो... बट' असं का लिहू नये? 'जरी... तरी' तर बरोबर आहे.

मराठीत उभयान्वयी जोडीनं येतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीला एकच पुरतो. 'ऑल्दो ही वॉज इल, ही केम' किंवा 'ही वॉज इल, बट ही केम'. दोन्ही कंजंक्शन घातले की गाठ दोनदा मारल्यासारखं होतं. 'व्हेन आय रीच्ड, दॅट टाइम ही वॉज स्लीपिंग' हे तर अस्सल जेव्हा-तेव्हा. 'दॅट टाइम' काढून टाका. 'बिकॉज'च्या पुढे पूर्ण वाक्य, 'बिकॉज ऑफ'च्या पुढे नाऊन.

इंटरजेक्शनचा अभ्यास किती करायचा?

पाच मिनिटं. 'अय्या', 'बापरे', 'शाब्बास' जसे आपोआप येतात, तसे 'ओह', 'वाव', 'ऑल्स'... हा शेवटचा उच्चार मीही शाळेत असाच शिकले. तो 'अलास' आहे, आणि आज कुणी बोलताना वापरत नाही.

परीक्षेत अधोरेखित शब्दाची जात विचारतात. पटकन कशी ओळखू?

'फास्ट'वर सराव करा, मुंबईच्या लोकलनं तो सगळ्यांना ओळखीचा केलाय. 'शी टुक द फास्ट लोकल': 'द' आणि 'लोकल' यांच्या मध्ये बसलाय, म्हणजे ॲडजेक्टिव्ह. 'द ट्रेन रॅन फास्ट': धावण्याची रीत, ॲडव्हर्ब. 'ही ब्रोक हिज फास्ट': 'हिज'च्या मागोमाग एकटा, म्हणजे नाऊन. त्यानं उपास सोडला. 'दे फास्ट ऑन एकादशी': 'दे'च्या पुढे, वाक्यात दुसरा व्हर्ब नाही, म्हणजे हाच व्हर्ब. आधी वाक्यातला मुख्य व्हर्ब शोधायचा, मग शेजारी बघायचे. शब्दाचा मराठी अर्थ सर्वांत शेवटी आठवायचा.

'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स' आले तर सावध. 'आफ्टर लंच' मध्ये पुढे नाऊन, म्हणून प्रिपोझिशन. 'आफ्टर वी एट' मध्ये पुढे कर्ता आणि क्रियापद, म्हणून कंजंक्शन. मराठीत 'जेवणानंतर' आणि 'जेवल्यानंतर' दोन्हीकडे तेच 'नंतर' पुरतं, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवतच नाही.

डिक्शनरी कशी वाचायची?

अर्थाच्या आधी छापलेलं लहान अक्षर वाचा. 'एन' म्हणजे नाऊन, 'व्ही' म्हणजे व्हर्ब, 'एडीजे' म्हणजे ॲडजेक्टिव्ह, 'एडीव्ही' म्हणजे ॲडव्हर्ब. नाऊनशेजारी 'यू' असेल तर तो मोजता येत नाही. म्हणजे 'फर्निचर्स' आणि 'ॲडव्हाइसेस' बंद. मोबाइलवर शब्द टाकून पहिला मराठी अर्थ उचलणाऱ्यांना ही खूण कधी दिसतच नाही.

ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज' मध्ये कोणकोणत्या जाती आहेत?

हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी खोडी म्हणून विचारतंच. २०१५ साली राज्याच्या परिवहन खात्यानं ही पाटी लिहायला बंदी घातली, तरी प्रश्न काही बंद झाला नाही. 'हॉर्न' नाऊन धरा, त्याच्या आधीचा 'साउंड' हा व्हर्ब गाळलेला. 'प्लीज' मुळात व्हर्ब, पण विनंतीत आला की आजचे कोश त्याला ॲडव्हर्ब किंवा उद्गार म्हणतात. राहिला 'ओके'. तो नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, इंटरजेक्शन, काहीही होऊ शकतो. पण इथे त्याला ना मागचा शेजारी, ना पुढचा. मी वर्गात सांगून टाकते: या वाक्यात 'ओके' कुठल्याच कामाला लागलेला नाही, त्याला नुसतं रंगवलंय.